धडधड : बर्लिनच्या चौकापासून नगरच्या बसस्थानकापर्यंत

१/
१ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरकडे एक बस निघाली. राज्याच्या एसटीची ती पहिली फेरी. पुढच्या काही दशकांत नगर जिल्ह्यातील (आताचा अहिल्यानगर) तालुक्याचा बाजार, कोर्टकचेरी, कॉलेज, दवाखाना आणि माहेर ही सारी ठिकाणे एसटीच्या अंतरावर आली. मात्र काही माणसांसाठी तीच बस भिंतीसारखी उभी राहते. पायरीवर पाऊल पडण्याआधीच छाती धडधडू लागते, श्वास पुरेनासा होतो आणि ‘आता आपण वाचत नाही’ अशी खात्री पटते. वैद्यकशास्त्र आज या अवस्थेला पॅनिक डिसऑर्डर आणि ॲगोराफोबिया या दोन नावांनी ओळखते. या नावांपर्यंत पोहोचायला शंभरहून अधिक वर्षे लागली. हा थ्रेड त्या प्रवासाचा.

२/
आधी झटका म्हणजे काय ते पाहू. कोणताही खरा धोका समोर नसताना अचानक तीव्र भीती उसळते आणि काही मिनिटांतच शिखर गाठते. हृदयाचे ठोके वाढतात, घाम फुटतो, हातपाय थरथरतात, छातीत दुखते, घसा आवळल्यासारखा वाटतो, बोटांना मुंग्या येतात, भोवतालचे जग परके भासते. मरण जवळ आले आहे किंवा वेड लागते आहे असे वाटते. असा एखादा झटका पुष्कळांना आयुष्यात कधीतरी येऊन जातो. तो आजार नव्हे. झटके पुन्हा पुन्हा, अनपेक्षितपणे येऊ लागले आणि ‘पुढचा कधी येईल’ या धास्तीने महिनाभर किंवा त्याहून अधिक काळ जगण्याची रीतच बदलली, तर ती पॅनिक डिसऑर्डर.

३/
मराठीत या अनुभवाला शब्दांची वाण कधीच नव्हती. जीव घाबरा होणे, काळीज धडधडणे, छातीत धस्स होणे, हातपाय गळणे, घशाला कोरड पडणे, जीव कासावीस होणे. या शब्दांकडे नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते : जवळजवळ सगळे शब्द शरीराचे आहेत. भीतीचे वर्णन भाषेने काळीज, छाती, घसा आणि हातपाय यांच्या आधाराने केले. त्यामुळे झटका आलेला माणूस आपली तक्रार छातीची म्हणून सांगतो, आणि ऐकणाराही ती छातीचीच समजतो. या आजाराच्या इतिहासातील निम्मा गोंधळ याच ठिकाणी आहे, आणि तो केवळ मराठीपुरता नाही.

४/
नगर जिल्ह्यातच भयाच्या शारीरिक लक्षणांशी जोडलेली एक फार जुनी परंपरा आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, प्रवरेकाठच्या नेवाशात ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाचे अंग कापते, तोंड कोरडे पडते, त्वचा जळते, धनुष्य हातातून गळते. अनेक जण आज याला ‘पॅनिक अटॅक’ म्हणून मोकळे होतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे सावध राहायला हवे. अर्जुनासमोर खरे युद्ध होते, खरे आप्त होते आणि खरा नैतिक पेच होता. पॅनिक डिसऑर्डरचे लक्षणच असे की समोर काहीही नसताना शरीर युद्धभूमीवर असल्यासारखे वागते. लक्षणे सारखी असली तरी आजार एकच असतो असे नाही.

५/
आयुर्वेदानेही भेद केला होता. चरकसंहितेच्या विमानस्थानात रज आणि तम यांपासून उद्भवणाऱ्या मनोविकारांची यादी येते. तीत काम, क्रोध, शोक यांच्याबरोबर ‘चित्तोद्वेग’ आणि ‘भय’ ही दोन नावे स्वतंत्रपणे दिली आहेत. समोरच्या गोष्टीची भीती वेगळी आणि मनाची अस्वस्थता वेगळी, एवढी जाण त्यातून दिसते. आयुर्वेदात हृदय हेच चेतनेचे स्थान मानले गेले, ही बाबही महत्त्वाची. मन आणि काळीज यांची फारकत आपल्याकडे फार उशिरा आली. तरीही चरकाच्या यादीत आजची पॅनिक डिसऑर्डर शोधणे चुकीचे ठरेल. तेथे वर्गीकरणाचा पाया गुणांचा आहे, झटक्यांचा नाही.

६/
‘पॅनिक’ हा शब्द ग्रीक देव पॅन याच्या नावावरून आला. पॅन हा गुराख्यांचा, रानावनाचा देव. निर्जन जागी अकारण दाटून येणारी भीती त्याच्यामुळे वाटते, अशी समजूत होती. थिऑक्रिटस या ग्रीक कवीचा मेंढपाळ भरदुपारी पावा वाजवायला नकार देतो, कारण त्या वेळी पॅन विश्रांती घेत असतो. महाराष्ट्राच्या माळरानावर मेंढरे राखणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल. ‘भर बारा वाजता एकट्याने विहिरीकडे जाऊ नये’ ही ताकीद आपल्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली. कारण सापडत नसलेल्या भीतीला दोन्ही समाजांनी बाहेरचा कर्ता शोधून दिला. तेथे देव, येथे मुंजा किंवा हडळ. आणि कर्ता बाहेरचा ठरला की उपायही देवऋषीकडेच शोधला जातो.

७/
आता १८७१ या वर्षाकडे वळू. बर्लिनमधील मनोविकारतज्ज्ञ कार्ल वेस्टफाल यांनी त्या वर्षी काही रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. ही माणसे इतर बाबतींत पूर्णपणे शहाणीसुरती होती. पण मोठा चौक ओलांडण्याची किंवा ओसाड रस्त्याने एकट्याने चालण्याची वेळ आली की ती जागच्या जागी खिळून जात. सोबतीला कोणी असले, एखादी घोडागाडी पुढे चालत असली किंवा थोडे मद्य घेतलेले असले, तर तोच चौक त्यांना पार करता येई. आपली भीती निरर्थक आहे हे त्यांना स्वतःला ठाऊक होते. वेस्टफाल यांनी या अवस्थेला ॲगोराफोबिया हे नाव दिले.

८/
या नावाचा मराठीत ‘मोकळ्या जागेची भीती’ असा अनुवाद केला जातो. तो अपुरा आहे. ग्रीक ‘अगोरा’ म्हणजे निव्वळ मोकळी जागा नव्हे. ती गावाची बाजारपेठ आणि सभेची जागा. नगरकरांच्या परिचयातले उदाहरण घ्यायचे तर सणाच्या आदल्या दिवशीचा कापडबाजार. या रुग्णाला माणसांची किंवा मोकळेपणाची भीती नसते. ‘येथे झटका आला तर निसटता येणार नाही, मदत मिळणार नाही’ ही खरी भीती असते. म्हणूनच मोकळे मैदान आणि खच्चून भरलेली बस या वरकरणी परस्परविरुद्ध जागा त्याला सारख्याच असह्य होतात. ‘अडकून पडण्याची भीती’ हा अर्थ अधिक नेमका.

९/
वेस्टफाल यांच्या मूळ लेखातील रुग्णांविषयी एक तपशील लक्षणीय आहे : ते सगळे पुरुष होते. आजच्या पाहण्यांत मात्र हा आजार स्त्रियांमध्ये सुमारे दुप्पट आढळतो. मग १८७१ च्या बर्लिनमध्ये स्त्रिया कोठे होत्या? बहुधा घरात. फिरतीवरचा व्यापारी किंवा अभियंता चौक ओलांडू शकला नाही, तर त्याचा रोजगार बुडतो, आणि म्हणून तो डॉक्टरकडे जातो. घराबाहेर न पडणारी स्त्री मात्र त्या काळी आजारी न ठरता घरंदाज ठरत असे. समाजाने जिला उंबरठ्याआड राहण्याचे बक्षीस दिले, तिचा आजार कोणाला दिसणार? हा प्रश्न पुढे आपल्याला थेट जामखेडपर्यंत आणून सोडणार आहे.

१०/
योगायोग असा की त्याच १८७१ मध्ये अटलांटिकच्या पलीकडे दुसरा एक निबंध प्रसिद्ध झाला. फिलाडेल्फियातील डॉक्टर जेकब मेंडिस दा कोस्टा यांनी अमेरिकी यादवी युद्धातील तीनशेहून अधिक सैनिकांचा अभ्यास केला होता. धडधड, छातीत कळ, धाप आणि चक्कर या त्यांच्या तक्रारी. पण हृदयात दोष सापडत नव्हता. दा कोस्टा यांनी याला ‘चिडखोर हृदय’ अशा अर्थाचे नाव दिले. एकाच वर्षी एका डॉक्टरला चौक दिसला आणि दुसऱ्याला हृदय. दोघे बहुधा एकाच प्राण्याची दोन अंगे चाचपत होते. ती जोडायला पुढे शतक लागले.

११/
मधल्या काळात नावांची रीघ लागली. व्हिएन्नाच्या मोरिट्झ बेनेडिक्ट यांनी वेस्टफाल यांच्याही आधी, १८७० मध्ये, याला ‘चौकातली घेरी’ मानून तिचे मूळ डोळ्यांच्या हालचालीत शोधले होते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हृदयतज्ज्ञ थॉमस लुईस यांच्यासमोर धडधडणाऱ्या सैनिकांच्या रांगा लागल्या. त्यांनी १९१८ च्या आपल्या ग्रंथात याला श्रमाशी जोडलेला लक्षणसमूह म्हटले. निदान अर्धवट असले तरी लुईस यांचा उपाय आजही विचार करायला लावतो : सक्तीची अंथरुणातली विश्रांती सोडून त्यांनी सैनिकांना क्रमाक्रमाने वाढत जाणारी कवायत दिली. विश्रांतीने भीती पोसली जाते, हे त्यांनी उपचारातून गाठले होते.

१२/
१८९५ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी चिंतेच्या झटक्यांचे वर्णन केले, तेही आश्चर्य वाटावे इतके अचूक. त्याच वर्षी त्यांनी असेही नोंदवले की ॲगोराफोबियाच्या रुग्णाच्या मनात बहुधा आधी येऊन गेलेल्या झटक्याची आठवण असते. सुटका नाही अशा ठिकाणी तो पुन्हा येईल याचे त्याला भय असते. म्हणजे दोन तुकडे त्यांनी जोडले होते. पण पुढे त्यांचाच सिद्धांत अबोध मनातील संघर्षाकडे वळला आणि ही साधी नोंद मागे पडली. पुढची कित्येक दशके रुग्णाला रस्ता ओलांडायला शिकवण्याऐवजी त्याचे बालपण उकरले गेले.

१३/
या काळात नगरच्या रुग्णाची स्थिती काय होती? ब्रिटिश हिंदुस्थानात मनोविकारांचा कायदा म्हणजे १८५८ चा आणि नंतर १९१२ चा ‘ल्युनसी ॲक्ट’. कोणाला कोंडायचे, कोणाच्या हुकमाने कोंडायचे आणि त्याच्या मालमत्तेचे काय करायचे, हे त्यांचे प्रमुख विषय. नगरकरांना जवळचे मनोरुग्णालय म्हणजे पुण्याचे येरवडा. तेथे भिंतीआड जाणे म्हणजे समाजातून पुसले जाणे. पूर्ण शुद्धीत असलेला, कामधंदा करणारा, पण बाजारात गेला की जीव जाईल असे वाटणारा माणूस या चौकटीत बसतच नव्हता. त्याच्यासाठी वेड्यांचे इस्पितळ नको इतके मोठे आणि गावचा वैद्य अपुरा.

१४/
जिल्ह्यात मनोरुग्णांविषयी आस्था नव्हती असे मात्र नाही. १९३६ मध्ये मेहेरबाबांनी राहुरीत मनोरुग्ण आणि ‘मस्त’ मानल्या गेलेल्या लोकांसाठी आश्रम चालवला. तेथे त्यांना अंघोळ घालण्यापासून जेवू घालण्यापर्यंतची सेवा होत असे. आपल्या काळात डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांची माउली सेवा प्रतिष्ठान ही संस्था रस्त्यावर आलेल्या मनोरुग्ण स्त्रियांना नगरजवळ आसरा देते. ही कामे मोठी आहेत. पण त्यांचा विषय आहे रस्त्यावर दिसणारा आजार. पॅनिकचा रुग्ण रस्त्यावर दिसतच नाही. त्याच्या आजाराचे लक्षणच मुळी रस्त्यावर न दिसणे हे आहे.

१५/
कलाटणी आली न्यूयॉर्कच्या हिलसाइड रुग्णालयात. १९५९ च्या सुमारास डोनाल्ड क्लाइन यांनी तीव्र चिंता असलेल्या काही रुग्णांना इमिप्रामिन हे त्या वेळी नवे असलेले नैराश्यावरचे औषध देऊन पाहिले. काही आठवड्यांनी रुग्ण म्हणत, ‘फरक नाही’. डॉक्टरांनाही तसेच वाटे. वॉर्डातील परिचारिकांनी मात्र एक बदल टिपला. दिवसातून अनेकदा ‘मी मरतोय’ म्हणत त्यांच्याकडे धावत येणारा रुग्ण आता येत नव्हता. झटके थांबले होते. झटक्याची धास्ती आणि बाहेर पडण्याची टाळाटाळ मात्र तशीच होती. झटका एक, त्याची चिंता दुसरी आणि टाळणे तिसरे, हे तीन पदर प्रथमच सुटे झाले.

१६/
क्लाइन यांची निरीक्षणे १९६२ आणि १९६४ मध्ये प्रसिद्ध झाली. १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने निदानपुस्तिकेची तिसरी आवृत्ती (डीएसएम-३) काढली, तेव्हा पॅनिक डिसऑर्डर हे स्वतंत्र निदान म्हणून आले. १८७१ ते १९८० : एकशे नऊ वर्षे. या वर्षांत या माणसांना हृदयरोगी, भित्रे, कामचुकार, नाटकी किंवा झपाटलेले म्हटले गेले. निदानाला नाव मिळणे ही केवळ शास्त्रीय सोय नव्हे. नाव मिळाले की दोष माणसावरून उठून आजारावर जातो.

१७/
इमिप्रामिनने झटके थांबत, पण उंबरठा ओलांडला जात नसे. ते काम दुसऱ्या प्रवाहाने केले. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले जोसेफ वोल्पे यांनी १९५८ च्या ग्रंथात भीतीच्या पायऱ्या करून, शरीर शिथिल ठेवत, त्या एकेक करून मनात आणण्याची पद्धत मांडली. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातील आयझॅक मार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की कल्पनेपेक्षा प्रत्यक्ष सामोरे जाणे अधिक उपयोगी. भीतीच्या जागी जायचे आणि भीती ओसरेपर्यंत तेथेच थांबायचे. पळून गेल्याने मेंदू एवढेच शिकतो की ‘पळालो म्हणून वाचलो’. थांबल्याने तो शिकतो की ‘काही झालेच नाही’.

१८/
मुंबईतही प्रयोग चालू होते. केईएम रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा आणि ध्यान या पातंजल योगातील क्रमावर आधारलेली उपचारपद्धती चिंताग्रस्त रुग्णांवर वापरली आणि १९७३ मध्ये तिचे तौलनिक निष्कर्ष प्रसिद्ध केले. येथेही सावधपणा हवा. तेव्हाचा ‘सायकोन्यूरोसिस’ हा गट फार सैल होता. त्यावरून योगाने पॅनिक डिसऑर्डर बरी होते असे सिद्ध होत नाही. महत्त्व याचे की भारतीय परंपरेवरील दावा श्रद्धेवर न सोडता तुलना करून तपासण्याचा प्रयत्न झाला. त्या निबंधाच्या लेखकांत दिलीप जेस्ते हे एक तरुण नाव होते. ते लक्षात ठेवावे.

१९/
याच काळात मुंबईचे कि. मो. फडके यांनी १९६८ पासून अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्याशी प्रदीर्घ पत्रव्यवहार केला आणि विवेकनिष्ठ मानसोपचार महाराष्ट्रात रुजवला. घटना नव्हे, तर घटनेविषयीचा विचार माणसाला अस्वस्थ करतो, हे त्याचे सूत्र. १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू केली. लेख, व्याख्याने आणि मुलाखती यांतून मनाच्या आजारांविषयी मराठीत मोकळेपणाने बोलले जाऊ लागले. येरवड्याच्या भिंतीशिवायही मनोविकारावर बोलता येते, हा मध्यमवर्गाला मिळालेला दिलासा या पिढीचा.

२०/
विचारांचे हेच सूत्र ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये पॅनिकला लावले. जिना चढल्याने, चहा जास्त झाल्याने किंवा उकाड्याने धडधड होते. माणूस तिचा अर्थ ‘हार्ट अटॅक’ असा लावतो. त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने ॲड्रिनलिन वाढते, त्याने धडधड आणखी वाढते. श्वास जोरजोरात घेतला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो. मग चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, आणि ‘बघा, खरेच काहीतरी होते आहे’ याला पुरावा मिळतो. चक्र पूर्ण होते. उपचारात हे चक्र कागदावर काढून दाखवतात, आणि पुष्कळदा जागच्या जागी धावायला लावून किंवा जोरात श्वास घ्यायला लावून तीच लक्षणे मुद्दाम निर्माण करतात. धडधड म्हणजे मरण नव्हे, हे शरीरालाच शिकवावे लागते.

२१/
आता हे नगरच्या भूगोलात बसवून पाहू. पुण्याला जाणे अशक्य झालेल्या रुग्णासाठी उपचाराची शिडी अशी असू शकते : पहिल्या आठवड्यात सोबतीने बसस्थानकावर जाऊन अर्धा तास बसणे. मग एकट्याने. मग उभ्या बसमध्ये चढून बसणे. मग केडगावपर्यंत. मग सुपे. मग शिरूर. पुढे रांजणगाव, शिक्रापूर, वाघोली आणि शेवटी पुणे. प्रत्येक पायरीवर भीती वाढणार हे गृहीतच असते. नियम एकच : भीती शिखरावर असताना उतरायचे नाही. भीतीची लाट चढते तशीच ती ओसरतेही, हा अनुभव औषधाच्या पुडीत मिळत नाही. ज्या रस्त्यावर १९४८ मध्ये पहिली एसटी धावली, तोच रस्ता असा उपचारकक्ष होऊ शकतो.

२२/
औषधांचे स्थानही स्पष्ट हवे. आज पहिली निवड एसएसआरआय गटातील औषधांची असते. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात; ती मनाने बंद करायची नसतात. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी तासाभरात बरे वाटते, पण त्यांची सवय लागते, आणि ‘खिशात गोळी आहे म्हणून वाचलो’ ही समजूत भीतीला पोसत राहते. छातीत दुखले तर पहिल्यांदा हृदयाची तपासणी करायलाच हवी. थायरॉइड आणि रक्तक्षयही पाहायला हवेत. मात्र सगळे अहवाल चांगले आल्यावर ‘तुम्हाला काहीही झालेले नाही’ हे वाक्य उपचार ठरत नाही. ‘हृदयाला काही झालेले नाही, आणि जे झाले आहे त्यावर उपाय आहे’ हे खरे वाक्य.

२३/
मे २०१३ मध्ये त्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती प्रसिद्ध झाली. तीत ॲगोराफोबिया पॅनिकपासून वेगळा करून स्वतंत्र आजार म्हणून नोंदवला गेला. झटके न येताही माणूस घरात अडकू शकतो हे मान्य झाले. निदानासाठी पाच प्रकारची ठिकाणे सांगितली आहेत : सार्वजनिक वाहन, मोकळी जागा, बंदिस्त जागा, रांग किंवा गर्दी, आणि घराबाहेर एकटे असणे. यांपैकी किमान दोहोंची भीती हवी. यादीत पहिले नाव वाहनाचे आहे. ही आवृत्ती आली तेव्हा अमेरिकी संघटनेचे अध्यक्ष होते डॉ. दिलीप जेस्ते, म्हणजे केईएमच्या त्या निबंधातले तरुण नाव. त्या पदावर पोहोचलेले ते आशियाई वंशाचे पहिले अमेरिकी.

२४/
पण पुस्तिका जामखेडला कशी पोहोचणार? १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडमध्ये ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. गावातल्याच स्त्रियांना, त्यांत अनेक निरक्षर आणि दलित, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. याच परिसरात झालेला, स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावरचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्रासाची कारणे म्हणून स्त्रियांनी गरिबी आणि घरातील हिंसा यांकडे बोट दाखवले. आधार म्हणून महिला मंडळ आणि स्वतःची कमाई यांकडे. तो अभ्यास पॅनिकवर नव्हता. तरी ॲगोराफोबियाच्या दृष्टीने त्यात मोलाची गोष्ट आहे : मंडळाच्या बैठकीसाठी स्त्रीला घराबाहेर पडण्याचे समाजमान्य कारण मिळते.

२५/
येथे १८७१ चा प्रश्न परत येतो. जी स्त्री बाजारात जात नाही, माहेरीही एकटी जात नाही, देवळातल्या गर्दीत थांबत नाही, तिला गाव ‘शांत’ म्हणते. तिची बाहेर पडण्याची इच्छाच नाही की धडधडीने ती अडकली आहे, हे कोणी विचारत नाही. बाहेर जाण्याची मुभा जिला नाही तिचा आजार मोजता येत नाही. आणि मुभा मिळाली की तो प्रथमच दिसू लागतो. म्हणून मुलींच्या शाळा, बचत गट आणि एसटीतील सवलतीचे तिकीट या गोष्टी मानसोपचाराच्या इतिहासातही मोडतात. उंबरठा उघडल्याशिवाय उंबरठ्याची भीती कळत नाही.

२६/
सरकारी व्यवस्थेचा आलेख संथ आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आला. जिल्हा कार्यक्रम १९९६ मध्ये देशातील मोजक्या जिल्ह्यांत सुरू होऊन टप्प्याटप्प्याने पसरला. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत असे दिसले की चिंता, नैराश्य यांसारख्या सर्वसामान्य मनोविकारांच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचार मिळतच नाहीत. त्या पाहणीतील १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. २०१७ च्या कायद्याने मानसिक आरोग्यसेवा हा हक्क मानला. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक सुरू आहे. घराबाहेर पडता न येणे हाच ज्याचा आजार, त्याच्यासाठी घरातून लावता येणारा फोन ही लहान सोय नव्हे.

२७/
चौदा तालुक्यांचा, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असा हा जिल्हा. अकोल्याच्या डोंगरातून किंवा जामखेडच्या माळावरून जिल्हा रुग्णालयात यायचे तर गाडी हवी, पैसा हवा आणि दिवसभराची मजुरी बुडवण्याची तयारी हवी. त्यात ज्याला गाडीत बसणेच अशक्य, त्याला ‘नगरला जाऊन मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा’ हा सल्ला म्हणजे बंद दारावर लिहिलेला पत्ता. म्हणून सामोरे जाण्याच्या उपचाराची पहिली पायरी गावातच, ओळखीच्या माणसाच्या सोबतीने चढता यायला हवी. वेस्टफाल यांच्या रुग्णांनाही चौक प्रथम सोबतीनेच ओलांडता आला होता.

२८/
या इतिहासात शोध लावणारे पुष्कळ आहेत. पण निर्णायक क्षणी काम आले ते नीट पाहणारे. हिलसाइडच्या परिचारिकांना रुग्ण धावत येत नाही हे दिसले, तेव्हा रोगाचे पदर सुटले. गावातही हेच पाहणे हवे. कोण लग्नाला येत नाहीसे झाले, कोण एसटी सोडून देते, कोण दरवेळी ईसीजी काढून परततो, कोणाला देवऋषीकडे नेले जाते. त्याला भित्रा म्हणण्याआधी एवढे विचारावे : ‘छातीत धडधडते का? मी बसस्थानकापर्यंत सोबत येऊ का?’ दुसऱ्या प्रश्नाने उपचार सुरू होतो. पुढे सोबत हळूहळू कमी करायची असते. पण ती आधी द्यावी लागते.

(थ्रेड समाप्त)